सड्याचं पाणी कुणाच्या नावावर

फणसकोंड, ता. गुहागर
३ मार्च

चि. वेदिका, तुला आबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी हातात आलं. पोस्टमनने ते नाक्यावरच्या दुकानात ठेवलं होतं, म्हणजे माझ्याआधी किती जणांनी उजेडाला धरून पाहिलं असेल देव जाणे. पाकिटाला डिंक जरा जास्त लावत जा. तुझी आई म्हणते आबांना फोन करत जा. पण उभा जन्म पंपाच्या खोलीत गेल्यावर माझ्या कानांत आता पंपच उरला आहे. फोनवर मी सगळ्याला ‘हो हो’ म्हणतो आणि ठेवल्यावर घाबरत बसतो, की आपण कशाला हो म्हटलं असेल. कागद परत वाचता येतो. तेव्हा पत्रच बरं.

मिरजोळ्याच्या कंपनीत तुला स्वतंत्र काम मिळालं हे वाचून आनंद झाला. तुझे आजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, असता तर गावभर सांगत फिरला असता. मी कुणाला सांगितलेलं नाही. दृष्ट लागते. पण काम काय ते वाचून काळजी वाटली. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारा भाग सुधारायचा, असं तू लिहितेस. बाय, एवढं इंजिनिअरिंग शिकून तुला गेटवर बसवलं की काय? आणि गेटवरच्या माणसाचे शत्रू फार होतात. ज्याला आत सोडतो तो विसरतो. ज्याला अडवतो तो जन्मभर लक्षात ठेवतो.

मी सातवी शिकलेला माणूस, मला नीट समजेल असं लिही.

माझी तब्येत ठीक. रोज पहाटे जरा फिरून येतो. गुडघे दुखतात, पण ते बसूनही दुखतात.

महिपत नागवेकर

---

रत्नागिरी
९ मार्च

प्रिय आबा, नमस्कार. डिंक दोनदा लावला आहे.

मी गेटवर बसत नाही. आमच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर आहे. एका जागी बसून ते शेकडो कॉम्प्युटरना एकदम कामं सांगतं. एकेकाकडे जाऊन हात लावावा लागत नाही. त्या सॉफ्टवेअरचा एक भाग असा, की कुठल्या यंत्राला कोण हात लावू शकेल ते बघायचं. आम्ही नावांची यादी देतो, तो भाग त्या यादीप्रमाणे प्रत्येक यंत्रावर परवानग्या देतो.

त्याची खोड अशी, की त्याला द्यायचं कळतं, काढून घ्यायचं कळत नाही. यादीत नवीन नाव घातलं की परवानगी मिळते. नाव खोडलं तरी जुनी परवानगी जिथल्या तिथे. नोकरी सोडून गेलेले, बदली झालेले, एक तर वारलेले गृहस्थ आहेत, सगळ्यांना अजून दार उघडं. मी ते बदलणार आहे. यादीत नाव असेल त्यालाच हात लावता येईल. नसेल त्याला यंत्र नाही म्हणेल. आणि खरोखर बदल करण्याआधी त्याची रंगीत तालीम होईल, म्हणजे कुणाची परवानगी जाणार ते आधी नुसतं दिसेल, जाणार नाही.

हे जमलं तर जिल्ह्यातल्या नळपाणी योजनांचं काम पूर्ण माझ्याकडे येईल. तुमच्या पंपाच्या खोलीत भिंतीवर बसवलेलं पॅनेल आहे ना, नंबर दाबून ज्यावर पंप आणि व्हॉल्व्ह चालतात, तेही आमच्याच सॉफ्टवेअरवर आहे. म्हणजे फणसकोंडचं पाणी आता तुमच्या नातीच्या हातात! सांगा गावभर.

पहाटे फिरायला कुठे जाता? पाखाडीच्या पायऱ्या उतरत नाही ना? तिथले चिरे शेवाळलेले असतात.

तुमची वेदू

---

फणसकोंड
१५ मार्च

चि. वेदूस आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. तू हुशार आहेस. पण हुशार माणसं फार भरभर झाडलोट करतात, आणि केराबरोबर कामाचंही जातं. म्हणून विचारतो.

समज, एक माणूस आहे. माझ्या ओळखीचा. तो योजनेवर पाणी सोडायला होता. निवृत्त झाला तेव्हा पंचायतीने त्याला शाल दिली, नारळ दिला, एक छत्रीही दिली. यंत्राचा नंबर मात्र कुणी परत मागितला नाही. आपल्याकडे असं कोण मागतं? मानाने दिलेली वस्तू मागायची पद्धत नाही. आता त्याच्या जागी विनीत नावाचा मुलगा आहे. चांगला आहे, पण तो बाजारात राहतो आणि आठनंतर येतो. तोवर खालच्या वाडीत घरोघरी नळ सुरू झालेले असतात.

पाणी आळशी असतं गो. एकाच पंपातून दोन वाटा निघतात, एक खालच्या वाडीच्या टाकीला आणि एक वर सड्यावरच्या, त्या कातळमाळावरच्या वस्तीच्या टाकीला. दोन्ही उघड्या असल्या की पाणी उताराचीच धरतं. सड्यावर चढवायचं तर खालचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा लागतो, आणि तोही पहाटे, विजेचा दाब पूर्ण असताना. हे करायला तो माणूस रोज अंधारात पाखाडी उतरतो, नंबर दाबतो, सड्याची टाकी भरली की पूर्ववत करतो आणि चिऱ्यांवर हात टेकत टेकत गुडघे सांभाळत वर येतो. कुणी सांगितलेलं नाही. पगार नाही. पण सड्यावर उन्हाळ्यात कातळाशिवाय काही नाही. विहीर खणली तर चिराच निघतो.

अशा माणसाला तुमचं यंत्र काय म्हणेल? त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. तू विचार करून ठेव. घाई नाही. म्हणजे आहे, कारण उन्हाळा तोंडावर आहे.

महिपत

---

रत्नागिरी
२२ मार्च

प्रिय आबा,

तो माणूस तुम्हीच. तुमच्या ओळखीच्या माणसाचे गुडघे दुखतात, तो पाखाडी उतरतो आणि त्याला पंचायतीने छत्री दिली. ती छत्री तुमच्या दारामागे मी स्वतः पाहिली आहे.

राग नाही आला. भीती वाटली. या वयात अंधारात त्या पायऱ्या! आणि पडलात तर सकाळी आठपर्यंत कुणाला कळणारही नाही. मला आता कळतंय की ‘जरा फिरून येतो’ म्हणजे काय.

आबा, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. तुमचं नाव मी काढणार. मी नवा भाग लिहून पूर्ण केला आहे, सर म्हणाले चांगला झाला आहे, आणि मलाही माहीत आहे की चांगला झाला आहे. काल फणसकोंडची तालीम घेतली. पंचायतीने कळवलेल्या यादीत विनीतचं नाव आहे, त्याला नवीन नंबर जाईल. जुन्या परवानग्यांमध्ये एकच नाव जातं, तुमचं. आणि आबा, तालमीत हेही दिसलं की तुमचा नंबर नुसता पहाटे नाही, दुपारी लागतो, संध्याकाळी लागतो. दिवसभर तिथेच बसता की काय? घरी करमत नाही का?

पाडवा झाला की बुधवारी बदल लागू होईल. सड्याचं विनीतला नीट सांगा, तो लवकर येईल. काम त्याचं आहे. तुम्ही निवांत झोपा.

तुमची वेदू

---

फणसकोंड
२७ मार्च

वेदिकास,

आशीर्वाद आहेतच, ते रागात काढून घेता येत नाहीत.

तुमचं यंत्र खोटं बोलतं. मी दिवसभर तिथे बसत नाही. पहाटे जातो आणि सूर्य वर यायच्या आत घरी असतो. दुपारी मी झोपतो, संध्याकाळी देवळात असतो, कुणालाही विचार. माझ्या नंबरावर दुपारी कोण जातं ते आधी शोध, मग मला काढ. मला तर आता चोराची भीती वाटायला लागली आहे. पंपाच्या तांब्याच्या वायरींना भाव आहे.

विनीतला मी सांगितलं. तो म्हणाला, “आबा, तुमी हाव ना. मग मी कशाला अंधाराचा येऊ?” मी म्हटलं, माझं नाव जाणार आहे. तो हसला. म्हणाला, “तुमचा नाव कोण काढतो? गाव नाय काढायचा.” त्याला वाटतं मी गंमत करतो.

जनी तुला आठवत असेल, सड्यावरची, तुला लहानपणी करवंदं आणून द्यायची. तिला पाखाडीवर गाठून सांगितलं. ती डोक्यावर जळणाची फाटी घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “तुमची नात लय शिकली, आबा. आता आमी काय समुद्राचा पाणी पियाचां?” याला उत्तर काय ते तुला सुचतं का बघ.

बुधवारच्या आत हे पत्र पोचावं म्हणून नाक्यावर न देता पोस्टात स्वतः जाऊन टाकतो आहे.

महिपत

---

फणसकोंड
४ एप्रिल

चि. वेदिका,

माझं आधीचं पत्र तुला पोचलं नाही हे उघड आहे. मधे पाडवा आला, पोस्ट बंद. मला तेव्हाच वाटलं होतं.

गुरुवारी पहाटे मी गेलो. जाऊ नये असं ठरवून झोपलो होतो, पण पाय गेले. नंबर दाबला. लाल दिवा लागला, दार लावून घेतल्यासारखा आवाज झाला, माझ्या कानांनाही ऐकू आला. परत दाबला. परत तेच. तिथेच पायरीवर बसून राहिलो. म्हटलं, आठ वाजता विनीत येईल, निदान खालच्यांना तरी मिळेल.

विनीत आला. त्याने नंबर दाबला, आणि लाल दिवा! त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

मी म्हटलं, “तुझा नंबर दाब.”

तो म्हणाला, “हाच माझा.”

“हा माझा आहे.”

“तोच हो. तुमचाच लावतो मी पहिल्यापासून.”

“आणि तुझा स्वतःचा?”

तर खाली बघून म्हणतो, “तुमी असताना माझा नाव वेगळा कशाला घालायचा, आबा? बरा दिसतां का?”

वेदू, मी निवृत्त झालो त्या दिवसापासून तो पोरगा माझ्या नावाने पाणी सोडतो आहे. दुपारी तोच, संध्याकाळी तोच. तो रजेवर असला की पंचायतीचा शिपाई, तोही माझ्याच नावाने. सगळा गाव माझ्या नावाने पाणी पितो आणि मला पत्ता नाही. तू यंत्राला खरं ते विचारलंस, त्याने खरं ते सांगितलं. मी त्याला खोटारडं म्हटलं ते मागे घेतो.

तुम्ही पाठवलेला नवा नंबर त्याच्या मोबाइलवर आला होता. पण बँकेच्या नावाने फसवणारे असे आकडे पाठवतात असं त्याला कुणी सांगितलेलं, म्हणून त्याने तो पुसून टाकला! मग त्याने कंपनीत फोन केला, तुझ्याशी बोलला, ते तुला माहीत आहे. दुपारी खालच्या वाडीला पाणी आलं.

सड्याला नाही आलं. दुपारी दाब नसतो. शुक्रवारी पहाटे विनीत आला नाही, कारण आदल्या दिवशी गावाने त्याला एवढं झापलं की त्याला तापच भरला म्हणे. सड्यावरच्या बायका हंडे घेऊन पंचायतीसमोर बसल्या आहेत. जनी सगळ्यांत पुढे. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि बघितलं तर त्याहून वाईट वाटतं.

माझं नाव परत घाल. चार दिवसांसाठी घाल. हे मी माझ्यासाठी मागत नाही.

महिपत

---

रत्नागिरी
५ एप्रिल
(हे पत्र गुहागरच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं आहे. आज संध्याकाळी मिळेल.)

प्रिय आबा,

तुमचं सत्तावीसचं पत्र मला बदल होऊन गेल्यावर मिळालं. कालचं आत्ता विनीतच्या भावाने हातात आणून दिलं.

चूक माझी. यंत्राने दाखवलं की हा नंबर दिवसभर लागतो. दुसऱ्या कुणाचंही नाव असतं तर मी विचारलं असतं, एक माणूस एवढ्या वेळा कसा? पण नाव तुमचं होतं. मला लगेच तुम्ही डोळ्यांसमोर आलात, एकटे, खोलीत बसलेले. मी कळवळले आणि तपासायचं राहून गेलं. विनीतला एक फोन केला असता तर हे झालं नसतं.

आज सरांसमोर हे असंच सांगितलं. ते रागावले, मग म्हणाले, आता काय करणार? मी करून दाखवलं. यापुढे ज्याची परवानगी जाणार तो नंबर रोजच्या वापरात असेल तर यंत्र तिथेच थांबेल आणि विचारेल, हा कोण वापरतो, भेटून खात्री केली का? हो म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही. बाकीच्या गावांची तालीम या नव्या पद्धतीने परत घेतली. आबा, किती गावांत हाच प्रकार आहे! कुठे निवृत्त माणसाच्या, कुठे माजी सरपंचाच्या नावाने सगळा कारभार. त्या गावांचं पाणी फणसकोंडमुळे वाचलं. सड्यावरच्या बायकांना याचा काही उपयोग नाही हे मला कळतं.

सरांची परवानगी घेऊन दुसरंही केलं आहे. आतापर्यंत नंबर मिळाला की सगळं पॅनेल मिळायचं. आता एखाद्याला तेवढंच काम देता येतं. सड्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, खालचा थोडा वेळ बंद करायचा, त्यासाठी पंप चालवायचा, बस. आणि तेही ठरावीक मुदतीसाठी, उन्हाळा संपेपर्यंत म्हणा. मुदत संपली की परवानगी आपोआप जाते, कुणाला मागावी लागत नाही. मागायची आपल्याकडे पद्धत नाही असं तुम्हीच लिहिलं होतंत.

तोवर पहाटेचं काम विनीत करेल. त्याला मी फोनवर सांगितलं आहे, ताप असला तर गोळी घेऊन. तो येतो म्हणाला.

तुमचं नाव परत घालणं हे माझं एका मिनिटाचं काम आहे. मी घालणार नाही. तुमच्या नावाखाली सगळे झाकले जातात. उद्या काही बिघडलं तर नाव तुमचं, हात कुणाचा ते कळणार नाही. आणि तुम्ही आजारी पडलात तर सडा कोरडा. गावकी बसवा. सड्यासाठी एक नाव ठरवा. जो रोज करेल त्याचं. ते पंचायतीच्या पत्रावर पाठवा, मी त्याच दिवशी नंबर देते.

रागवा. पण ठरवा.

वेदू

---

फणसकोंड
१३ एप्रिल

चि. वेदूस आशीर्वाद.

रागावलो. दोन दिवस रागावून राहिलो. तिसऱ्या दिवशी गावकी बसली तेव्हाही रागातच गेलो, म्हणून कोपऱ्यात बसलो.

देवळाच्या मंडपात सगळी वाडी होती. सड्यावरची माणसंही आली होती, बायकांसकट. बायका गावकीला सहसा येत नाहीत, पण हंडा घेऊन आलेल्या बाईला परत जा कोण म्हणणार?

पहिल्याने सगळे एकमताने म्हणाले, आबांचं नाव परत घालायला लिहा. त्यांची नात आहे, ती नाही कशी म्हणेल? मी मान खाली घातली होती, पण खोटं कशाला लिहू, ऐकायला बरं वाटलं. आपल्याला वाटतं गाव विसरलं, तर नाही विसरलं.

तेवढ्यात जनी उभी राहिली. म्हणाली, “आबांचा नाव नको.”

मी मान वर करून पाहिलं. एवढी वर्षं जिच्यासाठी अंधारात उतरलो तीच बाई.

ती म्हणाली, “मागल्या साली आबा तापानं पडले. तवा सड्यावर पाणी नाय आलां. आमी काय केलां? व्हाळात झरा उकरला आनी गप ऱ्हायलो. आबांना कुनी सांगितलां नाय. आजारी मानसाला काय सांगायचा? पन दर येळी आमचा पाणी एका मानसाच्या तब्येतीवर? आबा देवमाणूस हायत. आमाला देव नको, पाणी होया.”

कुणीतरी मागून म्हणालं, “मग कोण करील? तू?”

“करीन की.”

“पॅनेल लावता येतां?”

“टीव्ही लावता येतां, मोबाईल लावता येतां, हा कसला मोठा लागून गेला?”

लोक हसले. मी मात्र हसलो नाही. वेदू, मला त्या तापाचं ठाऊक नव्हतं. मी बरा होऊन उठलो तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं, कुणी अवाक्षर बोललं नाही. मी समजत होतो, माझ्यामुळे सड्याला पाणी मिळतं. ते खरं होतं. पण माझ्यामुळे त्यांना पाणी मागायची चोरी झाली होती हेही खरं होतं. उपकाराच्या पाण्याबद्दल तक्रार कशी करणार? हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मग मी उठलो. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. मी म्हटलं, “जनीचं नाव लिहा.”

खालच्या वाडीतून आवाज आला, “आबा, ती आमचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवील!”

मी म्हटलं, “मीही करतच होतो. तुम्ही झोपलेले असायचात.”

त्यानंतर थोडी बाचाबाची झाली ती लिहीत नाही, टपालाचं पाकीट फाटेल. पण नाव जनीचंच ठरलं. पंचायतीचं पत्र याच्याबरोबर जोडलं आहे. शिक्का नीट उमटला आहे का बघ, मला जरा पुसट वाटतो.

मी तिला दोन दिवस बरोबर नेऊन दाखवणार आहे. आधी कुठलं बटण, मग कुठलं. ती फार घाई करते. मला काळजी वाटते.

महिपत

---

रत्नागिरी
१७ एप्रिल

प्रिय आबा,

शिक्का उत्तम आहे. जनीमावशीचा नंबर आज सुरू केला. या वेळी आकडे पाठवून थांबले नाही. फोन करून तिच्याकडून म्हणवून घेतले आणि माझ्यासमोर, म्हणजे फोनवर, पॅनेलवर दाबायला लावले. हिरवा दिवा लागल्यावर ती ओरडली ती माझ्या शेजारच्या टेबलावरही ऐकू गेली. यंत्रात आता असं दिसतं: जनी, सड्याचा व्हॉल्व्ह, पावसाळा लागेपर्यंत. विनीतचं नाव त्याच्या जागी. पंचायतीचा शिपाई वेगळा. तुमचं कुठेच नाही.

हे लिहिताना मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. बरोबर झालं आहे.

जिल्ह्याचं काम माझ्याकडे आलं. यापुढे नुसत्या यादीवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं आहे, म्हणून पुढच्या महिन्यात एकेक गाव फिरून तिथल्या माणसांना भेटायचं आहे. पहिलं फणसकोंड घेतलं. तेव्हा तुम्हाला रत्नागिरीला घेऊन येते आणि कान तपासून घेऊ. नाही म्हणू नका.

पहाटे उठत असाल तर अंथरुणात पडून राहा. तेवढं करा.

वेदू

---

फणसकोंड
११ मे

चि. वेदिकास आशीर्वाद.

कान तपासायला येईन. यंत्र लावायचं की नाही ते नंतर बघू, आधी डॉक्टर माणूस कसा आहे ते बघतो.

पहाटे जाग येते. पडून राहतो. सुरुवातीला वाईट वाटत होतं. चोर आले असतील का, जनी विसरली असेल का, पहिलं बटण सोडून दुसरं दाबलं असेल का. एकदा न राहवून गेलोही. पाखाडी उतरलो, बघतो तर जनी आत. मला बघून म्हणाली, “काय आबा, माजी तपासणी?” मी म्हटलं, नाही, फिरायला आलो. तिने पंप चालू करून मला बाहेर बसवलं आणि परत जाताना हाताला धरून वर आणलं. तेव्हापासून जात नाही. दोन वेळा आणून सोडलं तर सवय लागेल तिला.

काल मात्र झालं ते सांगतो. सड्यावर लग्न होतं. मांडवाला पाणी जास्त लागणार म्हणून जनीने आमच्या खालच्या वाडीचा व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा बराच वेळ बंद ठेवला. सकाळी नळ कोरडे. सात-आठ जण तणतणत माझ्या अंगणात. “आबा, जनीला सांगा. आज तिनं कहर केलान. तुमचा ती ऐकील.”

मी चहा पीत होतो. म्हटलं, “मला काय सांगता? मला तो अधिकार नाही.”

“अहो, पण तुमीच तिचा नाव दिलंत!”

“मी दिलं, गावकीने दिलं, आणि यंत्राने घेतलं. आता ती आहे. तिला जाऊन विचारा.”

“आमी सड्यावर जायाचा? बाईमाणसाकडे? पाण्यासाठी?”

“मग काय, समुद्राचं प्याल?”

ते जरा घुटमळले. कुणी म्हणालं उद्या बघू, कुणी म्हणालं विनीतला फोन लावा. विनीत फोनवर म्हणाला, माझ्या नावावर सड्याचं काही नाही. मग एकाने टोपी घातली, दुसऱ्याने काठी घेतली, आणि निघाले. एके काळी सड्यावरच्या बायका हंडे घेऊन पायऱ्या उतरून खाली यायच्या आणि पाणी सोडा म्हणून आमच्या दारात उभ्या राहायच्या. काल खालच्या वाडीतले कर्ते पुरुष एकामागून एक पाखाडी चढत होते. मधेच थांबत होते, धापा टाकत होते, परत चढत होते.

मी ओट्यावर बसून शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मग चहा परत गरम करायला ठेवला.

महिपत